न पेटवलेली आग : न्हावऱ्याच्या चिपाडापासून व्हिक्टोरिया डॉकपर्यंत

(१)
घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, शिरूर तालुक्यात, न्हावरे हे गाव आहे. घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव जिल्हाभर परिचित झाले. साखरपट्ट्यातील कोणत्याही कारखान्याच्या आवारात हिवाळ्यातील पहाटे उभे राहिले तर एक दृश्य हमखास दिसते. उसाच्या चिपाडाचा, म्हणजे बगॅसचा, दुमजली घराएवढा ढीग पडलेला असतो आणि त्याच्या माथ्यावरून वाफ निघत असते. ढिगाखाली चूल नसते आणि कोणी काडीही ओढलेली नसते, तरीही हात खोल घातला तर तो झटकन मागे घ्यावा लागतो. आजचा धागा या वाफेविषयी आहे.

(२)
गाळप हंगामाच्या आरंभी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. पूजा होते, नारळ फुटतो, मान्यवरांच्या हस्ते आग पेटते, छायाचित्र वर्तमानपत्रात येते. या आगीला कर्ता असतो, मुहूर्त असतो. त्याच आवारात दोनशे पावलांवर दुसरी एक आग कोणाच्याही हस्ते न पेटता सावकाश सिद्ध होत असते. ती बाहेर आली की वर्तमानपत्रात 'कारण अद्याप स्पष्ट झालेले नाही' असे वाक्य येते, आणि रात्रपाळीच्या रखवालदाराकडे लोक संशयाने पाहू लागतात. आगीला कर्ता असलाच पाहिजे, ही माणसाची फार जुनी समजूत आहे. या विषयाचा इतिहास पुष्कळ अंशी त्या समजुतीचाच इतिहास आहे.

(३)
आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध उदाहरणापासून आरंभ करू. छत्रपती शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना उद्देशून लिहिलेले पत्र बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातील हे पत्र रयतेच्या भाजीच्या देठाला हात न लावण्याच्या संदर्भात नेहमी सांगितले जाते. परंतु त्यातील एक मोठा भाग आगीविषयी आहे, आणि तो प्रशासकीय लेखनाचा उत्तम नमुना आहे.

पावसाळ्यासाठी साठवलेले गवत व दाणा हीच घोडदळाची शिदोरी होती. कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी वारा न पाहता तंबाखू ओढण्यासाठी विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. मग गवत जाईल, खोपटी जातील, घोडी उपाशी मरतील. नंतर कोणाची मान मारली तरी गवत काही परत येणार नाही, असा त्या पत्राचा रोख आहे. शेवटचा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. शिक्षेचा धाक आहेच, पण शिक्षेने नुकसान भरून निघत नाही याचे भानही आहे.

(४)
मात्र त्या यादीतील प्रत्येक आग बाहेरून येते. चूल, चिलीम, दिवा, उंदीर. गवत स्वतः तापते ही शक्यता तेथे नाही, आणि त्यात नवल नाही. छावणीत उघड्या आगी इतक्या असतात की बंदोबस्त प्रथम त्यांचाच करावा लागतो.

(५)
गवत आपोआप तापते हे शेतकऱ्याला मात्र फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच लिहून ठेवले की ओले गवत रचले तर गंजीतून सकाळी वाफ निघते आणि मग ती पेटते. त्याच शतकातील कोलुमेला या शेतीविषयक ग्रंथकारानेही हाच इशारा दिला आहे. आपल्याकडे शिरूर-दौंडच्या ज्वारीपट्ट्यात कडबा उन्हात खडखडीत वाळल्यावाचून गंज रचत नाहीत. ओली वैरण काळी पडते, बुरसते, 'तापते' हे शब्द घरोघरी आहेत. हिवाळ्यात उकिरडा उकरला की निघणारी वाफ पाहिलेली नाही असा खेड्यातील माणूस विरळा. म्हणजे निरीक्षण होते, खबरदारीही होती. या तापण्याचा शेवट ज्वालेत कसा होतो, याचे स्पष्टीकरण तेवढे नव्हते.

(६)
ते स्पष्टीकरण आज असे दिले जाते.

ओल्या चिपाडात थोडी साखर उरलेली असते. सूक्ष्मजीव व बुरशी तिच्यावर तुटून पडतात. त्यांच्या श्वसनातून उष्णता निघते. ढीग लहान असेल तर ती उडून जाते, मोठा असेल तर पोटात साठते. तापमान साठ-सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत चढले की बहुतेक जीव स्वतःच्याच उष्णतेने मरतात. इथे प्रक्रिया थांबावी असे वाटते, पण तोवर चिपाडाच्या धाग्यांचा हवेतील प्राणवायूशी संथ संयोग सुरू झालेला असतो. हे शुद्ध रसायन आहे, त्याला जीव लागत नाही. तापमान वाढले की हा संयोग जलद होतो, आणि जलद झाला की तापमान आणखी वाढते.

या सगळ्याला लगाम घालते ते पाणी. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. गिरणीतून निघालेल्या चिपाडात वजनाने निम्मे पाणी असते. जोवर ते आहे तोवर ढीग वाफाळतो, पेटत नाही. म्हणून पहाटेची ती वाफ एका अर्थी सुरक्षिततेची खूण आहे आणि दुसऱ्या अर्थी उलटी मोजणी. पोटातील एखादा कप्पा पुरता वाळला की तेथील लगाम सुटतो. चिपाड तपकिरी होते, मग काळे, मग कोळसा. बाहेर अजून काही दिसत नाही. कोणी ढीग उकरला, किंवा वरचा थर खचून भेग पडली, की आत हवा शिरते आणि मग ज्वाला दिसते. पाहणाऱ्याला वाटते, आग आत्ता लागली.

(७)
आणखी एक उपकलम : वाळलेल्या ढिगावर अवकाळी पाऊस पडला तर धोका टळला असे समजू नये. कोरडे धागे पाणी शोषतात तेव्हा स्वतःच उष्णता सोडतात. वरून भिजलेला आणि आतून कोरडा ढीग हा सर्वांत अविश्वासू.

(८)
आता लाकूड. एका अर्थी चिपाड म्हणजे विस्कटलेले लाकूडच. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन हीच द्रव्ये दोन्हींत आहेत. लाकूड पेटायला साधारणतः अडीचशे ते चारशे अंश तापमान लागते असे पाठ्यपुस्तक सांगते, आणि ठिणगी आहे की नाही, लाकूड किती वेळ तापते यावर तो आकडा बदलतो. या 'किती वेळ'ने एकोणिसाव्या शतकातील लंडनला चकित केले.

त्या काळी मोठ्या इमारती उबदार ठेवण्यासाठी गरम पाण्याचे व वाफेचे नळ लाकडी तुळयांतून, तक्तपोशीमागून नेत. जेम्स ब्रेडवुड हे लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख होते. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी सांगितले की उकळत्या पाण्याहून फारशा अधिक नसलेल्या उष्णतेत लाकूड वर्षानुवर्षे राहिले, तर ते अशा अवस्थेला येते की कोणी विस्तव न लावता पेटते. अवधी त्यांनी आठ ते दहा वर्षे सांगितला.

ऐकणाऱ्यांना हे अविश्वसनीय वाटले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. शंभर अंशांवर लाकूड पेटते हे कोणत्याही प्रयोगशाळेत एका दुपारी दाखवता येत नाही. दहा वर्षे वाट कोण पाहणार?

(९)
ब्रेडवुड यांचा शेवट या विषयाच्या इतिहासाला चटका लावून जातो. २२ जून १८६१ रोजी लंडनच्या टूली स्ट्रीटवरील गोदामांना आग लागली. आत ताग, अंबाडीचे धागे, कापूस, चरबी असा माल खच्चून भरलेला होता, आणि धाग्यांच्या गठ्ठ्यांनी आपोआप पेट घेतला असावा असा संशय त्या वेळी व्यक्त झाला. आपल्या माणसांना धीर देत फिरणाऱ्या ब्रेडवुड यांच्यावर भिंत कोसळली आणि ते जागीच गेले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी ज्या जातीच्या आगीविषयी सावध केले होते, बहुधा त्याच जातीची ही आग.

(१०)
जुने तापलेले लाकूड इतक्या कमी तापमानाला का पेटते, यावर पुढे दीर्घ वाद झाला. लाकूड मंद आचेवर कोळशासारखे होते आणि तो कोळसा हवेचा स्पर्श होताच पेटणारा, 'पायरोफोरिक', असतो, असे स्पष्टीकरण अनेक दशके प्रचलित होते. विमा कंपन्या व न्यायालये ते सर्रास वापरीत. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात झालेल्या संशोधनाने या कल्पनेला धक्का दिला : वेगळा जादूचा कोळसा मानण्याची गरज नाही, दीर्घकाळ तापलेले लाकूड भेगाळते, सच्छिद्र होते, हवा आत सहज शिरते, आणि गवताच्या गंजीचाच नियम त्यालाही लागू पडतो. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. व्यवहारात मात्र, लाकडाचा पृष्ठभाग कायमचा ७५-८० अंशांच्या वर राहू देऊ नये, असा संकेत रूढ झाला आहे. देवघरातील समईमागची काळवंडलेली फळी किंवा चुलीच्या धुराड्याला टेकलेली जुनी तुळई या दृष्टीने एकदा पाहून घ्यावी.

(११)
ब्रेडवुडनंतर हा प्रश्न समुद्रावर गेला, आणि तेथे तो मुंबईपर्यंत आला. आगगाड्या, गिरण्या, आगबोटी यांच्यासाठी मुंबई बंदरात विलायती कोळसा येत असे. लांबच्या सफरीवर निघालेली कोळशाची जहाजे वाटेत पेटण्याचे प्रमाण इतके वाढले की ब्रिटिश सरकारने १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमला. रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक एबल आणि जॉन पर्सी हे त्याचे तज्ज्ञ सदस्य होते. १८७६ च्या अहवालातून निघालेले निष्कर्ष विचार करण्यासारखे होते. युरोपातील जवळच्या बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांपेक्षा आशिया, आफ्रिका, अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजांत आगी कितीतरी अधिक होत्या. जितका साठा मोठा, जितका प्रवास लांब व उष्ण, तितका धोका अधिक. सर्वांत मोठा धक्का पुढचाच : कोळशाच्या राशीच्या पोटातून हवा खेळती ठेवावी, म्हणजे तो थंड राहील, ही नाविकांची समजूत उलटी निघाली. थोडीशी हवा थंडावा देत नाही, आगीला खाऊ घालते.

जोसेफ कॉनराड तरुणपणी ज्या 'पॅलेस्टाइन' नावाच्या जहाजावर होता, तेही बँकॉककडे कोळसा नेताना १८८३ मध्ये असेच जळाले. आपल्या विदर्भातील वर्धा खोऱ्याचा कोळसाही आपोआप तापण्याच्या गुणासाठी खाणकामगारांत ओळखला जातो. त्यावर स्वतंत्र धागा लिहावा लागेल.

(१२)
ढिगाचा आकार इतका महत्त्वाचा का, हे गणित विसाव्या शतकात सुटले. निकोलाय सेम्योनोव यांनी १९२८ मध्ये आणि त्यांचेच सहकारी डेव्हिड फ्रँक-कामेनेत्स्की यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी त्याची मांडणी केली. (सेम्योनोव यांना १९५६ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.) गाभा साधा आहे. उष्णता निर्माण होते ती ढिगाच्या घनफळात आणि बाहेर पडते ती पृष्ठभागातून. एक मीटर बाजूच्या घनाकृती ढिगाचे घनफळ १ घनमीटर, पृष्ठभाग ६ चौरस मीटर. दहा मीटर बाजूच्या ढिगाचे घनफळ १,००० घनमीटर, पृष्ठभाग मात्र ६००. म्हणजे प्रत्येक घनमीटरच्या वाट्याला श्वास सोडायला जागा दहापट कमी. म्हणून प्रत्येक पदार्थासाठी आणि प्रत्येक तापमानासाठी एक सीमा असते. त्या आकाराच्या आत ढीग तापून स्थिरावतो, तिच्यापलीकडे तापतच जातो. मूठभर भुसा दोनशे अंशांवरही शांत राहील. तोच भुसा डोंगराएवढा केला तर उन्हाळ्याची साधी हवाही त्याला पुरेल.

(१३)
हे गणित हातात घेऊन ऊसपट्ट्याच्या इतिहासाकडे पाहिले तर एक गोष्ट उलगडते. गुऱ्हाळ घरापुढच्या अंगणाएवढे. घाण्यातून निघालेले चिपाड तिथेच उन्हात पसरायचे, वाळले की चुलाणात घालायचे. जाळव्या दिवसभर तेच ढकलत असतो आणि गुळव्या काहिलीकडे डोळा लावून बसतो. चिपाड उरतच नाही, उरले तरी ते कोरडे आणि विखुरलेले. गुऱ्हाळाला आग लागे ती चुलाणाच्या ठिणगीने, म्हणजे चिपळूणच्या पत्रातील यादीप्रमाणेच.

१९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रभर त्याच घडणीचे कारखाने झाले. एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो ओले चिपाड निघते. दिवसाला २,५०० टन गाळप धरले तर रोज ७०० टनांहून अधिक. त्यातील बरेचसे बॉयलर खातो. जे उरे ते पूर्वी अडगळ होते, कागद कारखान्यांना जाई किंवा कसेही संपवले जाई. सहवीजनिर्मिती आल्यावर अडगळीची दौलत झाली. हंगाम संपल्यावरही वीज करायची तर चिपाड राखून ठेवले पाहिजे. ढीग मोठे झाले, महिनोन्‌महिने राहू लागले, ओलेच रचले जाऊ लागले. आकार, अवधी, ओल : १८७६ च्या आयोगाने जहाजांबाबत ज्यावर बोट ठेवले त्यातील दोन गोष्टी आणि गवताच्या गंजीची तिसरी, या तिन्ही एका आवारात एकत्र आल्या. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. काटकसर आहे, आणि ती योग्यच आहे.

ऑस्ट्रेलियातील ऊसपट्ट्यात, क्वीन्सलँडमध्ये, हीच अडचण आधी आली. तेथील अभियंते आणि ब्रायन ग्रे यांच्यासारखे गणितज्ञ १९८० च्या दशकापासून बगॅसच्या ढिगांचा अभ्यास करू लागले. ओलाव्याला धरले नाही तर फ्रँक-कामेनेत्स्की यांचे सूत्र बगॅसला नीट लागू पडत नाही, हे त्यातून पुढे आले.

(१४)
आता मुंबई, १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉक. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला येथे पोहोचले होते. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटके, सोन्याच्या विटा. आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, शिवाय वंगणाचे पिंप, लाकूड, गंधक, राळ. कापूस आणि स्फोटके एकाच कोठारात वरखाली. शांततेच्या काळात असा माल एकत्र भरायला कोणी धजावले नसते. युद्धाने ती मुभा दिली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर हमाल परतले तेव्हा क्रमांक दोनच्या कोठारातून धूर येत होता. अग्निशमन दलाचे जवान नळ घेऊन आले. शेकडो टन पाणी आत ओतले गेले. आगीचा मुख्य गड कोठे आहे हे सापडेना. धुमसणाऱ्या कापसाचा हा स्वभाव आहे : पाणी गाठीच्या अंगावरून निथळते, आत शिरत नाही. उलट, पाणी चढले तशा जळत्या गाठी तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेने सरकल्या, असे वर्णन येते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्यांची नोंद झाली. डझनभर जहाजे गेली, बंदरालगतची वस्ती गेली. मृतांचे आकडे आठशे ते तेराशे असे वेगवेगळे दिले जातात. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

(१५)
आग कोणी लावली? जपानी घातपाताची अफवा उठली, चौकशीत ती टिकली नाही. चौकशीचा कल अपघाताकडे, कोठारात कोणीतरी ओढलेल्या सिगारेटच्या थोटकाकडे झुकला. ते थोटूक कोणी पाहिलेले नव्हते. पाहिले असते तरी तो पाहणारा आणि ते थोटूक दोन्ही ४ वाजून ६ मिनिटांनंतर उरणे अवघड होते.

मला स्वतःला हा निष्कर्ष अशक्य वाटत नाही. गोदीत चोरून बिडी-सिगारेट ओढली जाई हे खरेच आहे. पण कापसाच्या व्यापारातील जुन्या माणसांना आणखी एक शक्यता ठाऊक असते. जिनिंगमध्ये दगड किंवा लोखंडाच्या घर्षणाने ठिणगी पडते, ती रुईसह दाबून गाठीत बंद होते, आणि घट्ट गाठीतील तुटपुंज्या हवेवर ती दिवसेंदिवस, कधी आठवडाभराहून अधिक धुमसत राहते. स्वच्छ कोरडा कापूस सहसा आपोआप पेटत नाही, पण जवसाच्या तेलासारखे सुकणारे तेल लागलेला कापूस पेटतो. खनिज वंगणाने तो धोका फारच कमी. म्हणजे कराचीत चढलेली एखादी गाठ मुंबईत धुरावली असेल, हेही शक्य कोटीतले आहे. पुरावा मात्र दोन्ही बाजूंना नाही. अशा वेळी निष्कर्ष कोणाकडे झुकतो? जो जवळ उभा होता त्याच्याकडे. कोठारात उतरणारा हमाल जवळ उभा होता.

(१६)
म्हणून आगीच्या पंचनाम्यात स्वयंप्रज्वलनाचा रकाना गांभीर्याने भरला गेला पाहिजे, दोन्ही दिशांनी. 'आपोआप लागली' हे विम्याच्या दाव्यासाठी सोयीचे उत्तरही असू शकते, हे विसरू नये. तपासण्यासारख्या खुणा असतात. ज्वाला बाहेरून आत गेली की आतून बाहेर आली. ढिगाच्या पोटात तपकिरी, मग काळा, मग राख असे थर सापडतात का. आदल्या आठवड्यात आंबूस, करपट वास येत होता का. ढीग किती उंच व किती जुना होता. मध्ये पाऊस झाला होता का. यांतील शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा त्या रखवालदारापाशीच असतात. त्याला आरोपी म्हणून विचारले तर तो ती देणार नाही.

(१७)
व्यवहारात कारखाने काय करतात, तेही सांगून टाकतो. ढीग एकसंध न ठेवता अंतर सोडून लहान राशी करतात; आधी आलेले चिपाड आधी वापरतात; लोडरने दाबून आतली हवा कमी करतात; गाठी बांधायच्या तर त्यांच्यामध्ये वाऱ्याला मोकळी वाट ठेवतात, म्हणजे ओल लवकर निघून जाते. (अर्धवट हवा वाईट, भरपूर हवा किंवा अजिबात नाही हे दोन्ही चालते. कोळशाच्या जहाजांची चूक नेमकी मधली होती.) लांब लोखंडी नळी खुपसून आतले तापमान पाहतात. ते सत्तरीच्या आसपास रेंगाळत असेल तर लक्ष ठेवतात, चढू लागले तर तो भाग काढून लगेच बॉयलरला देतात. ढीग उघडायची वेळ आलीच तर पाण्याचा बंब आधी उभा करतात आणि मग यंत्राचा पंजा लावतात, कारण पंजा लागतो त्याच क्षणी आत हवा जाते. वरून पाणी मारून अशी आग विझत नाही. एकेक थर ओढून, पसरून, भिजवून, कधी तीन-चार दिवस ते काम चालते, आणि विझली असे वाटल्यावरही रात्री तिथे माणूस बसवावा लागतो.